घरच्या माणसाचा शब्द

४ मार्च, रविवार दुपार

अगं,

पत्राच्या सुरुवातीला काय लिहावं, यातच सकाळ गेली. नावाने हाक मी तुला कधी मारली नाही आणि तुला पत्र लिहायची वेळही कधी आली नाही. म्हणून घरात म्हणायचो तेच लिहितो. फोन तू उचलत नाहीस. तक्रार नाही, नुसती नोंद करतोय. हे पत्र तुझ्या नर्स मैत्रिणीच्या दवाखान्यात देऊन येईन. तिच्या घरी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतेस असं तिनेच सांगितलं. या वयात सोफ्यावर! इथे अख्खा पलंग रिकामा पडलाय. असो.

माझं उत्तम चाललंय. कुकरची शिट्टी कुठे ठेवतेस तेवढं कळव. सध्या भात पातेल्यात करतो. तो खाली लागतो आणि वर कच्चा राहतो, पण मधला थर बरा असतो. तुझं शिवणाचं मशीन होतं तिथे फरशीवर चार पायांचे डाग आहेत. ते पुसून निघत नाहीत. मी पुसून पाहिले.

शब्दकोशाचं काम 'स' अक्षराच्या शेवटाला आलंय. 'स्वातंत्र्य' हा शब्द मुख्य संपादक बाईंनी माझ्याकडे दिला. म्हणाल्या, "तुम्ही घ्या, तुम्हाला सध्या मोकळा वेळ आहे." मोकळा वेळ असं त्या का म्हणाल्या ते तुला सांगायला हवं. तू लेकीकडे गेली आहेस, असं मी कचेरीत सांगितलंय. तिच्या बाळंतपणाला. आता कपाळाला आठ्या घालू नकोस. टायपिस्टबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो, आज डबा नाही? वहिनी कुठे गेल्या?" आणि तोंडातून निघून गेलं. खरं काय सांगणार होतो? भांडण नाही, तंटा नाही, आजार नाही, आणि बायको पडदे शिवायचं मशीन टेम्पोत घालून निघून गेली? लोक काय म्हणतील याचा तू विचार केला नाहीस, म्हणून मला करावा लागला.

लेकीला यातलं काही कळवू नकोस. त्या दोघांना मूल नकोय हे माझ्या लक्षात आहे.

शब्द मात्र सुरेख आहे. 'स्व' आणि 'तंत्र'. यातलं तंत्र म्हणजे मुळात ताणणं. मागावर विणकर उभे धागे ताणून बसवतो, ते तंत्र. म्हणजे ज्याचा ताणा स्वतःचा, तो स्वतंत्र. दुसऱ्याच्या ताण्यावर विणला जातो तो परतंत्र. हे सापडलं तेव्हा इतका खूश झालो, की कधी एकदा घरी जाऊन तुला सांगतो असं झालं. जिना चढताचढता बोलायला सुरुवातही केली होती. वर कुलूप होतं.

उत्तर पाठव. शिट्टीचं तरी.

मी

१५ मार्च, गुरुवार

अगं,

तुझा निरोप मिळाला. चार ओळी, त्याही औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे. शिट्टी सापडली. चमच्यांच्या डब्यात होती. मी तिथे पाहिलं होतं, पण नीट नाही.

खोली मिळत्येय हे कळलं. चष्म्याच्या दुकानाच्या वर, जिना बाहेरून, खिडकीतून मशीनवर दिवसभर उजेड, आवाजाला हरकत नाही. छान आहे. मालकीणबाईंची एकच अट आहे म्हणतेस, एकट्या बाईला खोली द्यायची तर घरच्या माणसाचा शब्द हवा. त्या कचेरीत फोन करतील तेव्हा मी एवढंच सांगायचं: ही माझी बायको, आता वेगळी राहणार आहे, माझी हरकत नाही. खाली तू लिहिलंयस, 'फक्त खरं सांगा. त्यांनी नाही म्हटलं तर एवढ्या उजेडाची दुसरी खोली या भागात नाही.'

सांगेन. त्यात काय एवढं! मी काही राक्षस नाही. काळजी करू नकोस.

इकडे मात्र प्रकरण जरा अंगाशी येतंय. परवा टायपिस्टबाईंनी विचारलं, "काही बातमी?" मी शब्दात बुडालेलो. म्हटलं, "झाली." "काय झालं?" म्हटलं, "मुलगी." मग काय विचारतेस! वजन किती, रंग कोणाचा, नाव काय ठेवणार. वजन मी तीन किलो सांगितलं. रंगाबद्दल म्हटलं, अजून नक्की नाही. मिठाईचा पुडा मलाच न्यावा लागला. टायपिस्टबाई स्वेटर विणायला बसल्या आहेत, पिवळ्या लोकरीचा. धाकटा संपादक, तो कायम मफलर गुंडाळून फिरणारा, मला आजोबा म्हणायला लागलाय. हसू नकोस. मला मात्र थोडं हसू आलं, आणि मग उगीचच त्या नसलेल्या नातीचा विचार करत बसलो.

शब्दाच्या चिठ्ठ्या वाचतोय. आमची रीत तुला माहीत आहेच, प्रत्येक अर्थाला खरोखर कुणीतरी बोललेलं किंवा लिहिलेलं वाक्य लागतं, आणि ते कोणाचं हेही लिहावं लागतं. दोन मोठे खोके भरून चिठ्ठ्या आहेत. गंमत म्हणजे निम्म्या वाक्यांत कुणीतरी कुणालातरी हे द्यायला नकार देतंय. 'पोरांना इतकं स्वातंत्र्य बरं नाही.' 'कामगारांना स्वातंत्र्य दिलं तर उद्या डोक्यावर बसतील.' ज्याच्याकडे आहे तो हा शब्द फारसा वापरत नाही असं दिसतं. हे निरीक्षण बैठकीत मांडीन.

तुझ्या खोलीला पडदे लागतील. ते तू शिवशीलच.

मी

२८ मार्च, बुधवार

अगं,

तुझ्या मैत्रिणीने दवाखान्याच्या दारातूनच पत्र घेतलं आणि चहासुद्धा विचारला नाही. म्हणाली, "खोली गेली तिची." मला धक्काच बसला.

मालकीणबाईंचा फोन येऊन गेला म्हणे. मी नेमका जागेवर नसणार. आमचा फोन टायपिस्टबाईंच्या टेबलावर, हॉलच्या मधोमध. जो जवळ असेल तो उचलतो. बहुधा शिपायाने उचलला असेल, आणि त्याला बिचाऱ्याला जे माहीत होतं ते त्याने सांगितलं असेल, की साहेबांच्या मिसेस बाळंतपणाला गेल्या आहेत. त्याचा काय दोष? एकूण सगळा गोंधळच झाला. मालकीणबाईंनीही जरा चौकशी करायची. एका फोनवरून माणसाला खोटं ठरवायचं म्हणजे फार झालं.

पुढे अशा खोल्या पुष्कळ मिळतील. तोपर्यंत घर आहेच. तू यावंस असं मी म्हणत नाही, आहे एवढंच म्हणतोय.

काम जोरात आहे. धाकट्या संपादकाने इंग्रजी प्रतिशब्दाचं मूळ शोधून आणलं. त्याचा मूळ अर्थ म्हणे, कशालाही लोंबत नसलेला. आम्ही सगळे खूप हसलो. शिपाई म्हणाला, "म्हणजे वटवाघळाला स्वातंत्र्य नाही म्हणा की!" संपादक बाईंनीसुद्धा चष्मा काढून डोळे पुसले. तू असतीस तर तुला आवडलं असतं.

स्वेटर पूर्ण झालाय. मी घरी आणून कपाटात ठेवला.

मी

३ एप्रिल, मंगळवार

अगं,

आज तुझी मैत्रीण कचेरीच्या फाटकाशी उभी होती. ड्यूटीवरून तशीच आलेली, गणवेशात. मला बाजूला घेऊन म्हणाली, "शिपायावर ढकलताना काहीच वाटलं नाही का हो तुम्हाला? मालकीणबाईंनी तिला तोंडावर सांगितलंय, तुमचा नवराच बोलला म्हणून."

म्हणजे माझं मागचं पत्र वाचताना तुला सगळं माहीत होतं. 'मी नेमका जागेवर नसणार' हे वाक्य तू वाचलंस. शिपायाला बिचारा म्हटलेलंही वाचलंस. पत्र परत मागता येत नाही, नाहीतर आत्ता येऊन मागितलं असतं.

फोन मीच उचलला.

दुपारचा चहा चालू होता. सगळे हॉलमध्ये होते. टायपिस्टबाई स्वेटरची बाही मापायला माझ्यासमोर उभ्या, तान्ह्या मुलीचं मनगट केवढं असतं हे मला विचारत. तेवढ्यात घंटा वाजली आणि त्यांचे हात लोकरीत, म्हणून मी उचलला. पलीकडून ठणठणीत आवाज आला, "मी चष्म्याच्या दुकानातून बोलतेय. अमुक बाई तुमच्या कोण?" मला लगेच कळलं. उत्तर पाठ होतं, ते तू लिहूनच दिलं होतंस. पण सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी म्हटलं, "माझी बायको लेकीकडे बाळंतपणाला गेलीय." त्या म्हणाल्या, "अहो, मग ही बाई कोण? तुमचं नाव सांगतेय, तुमचा नंबर देतेय." मी म्हटलं, "असेल कोणी. मला माहीत नाही."

असेल कोणी.

एवढं म्हणून मी फोन ठेवला आणि स्वेटरची बाही आणखी लहान करायला सांगितली. टायपिस्टबाईंनी विचारलं, "कोण होतं?" मी म्हटलं, "राँग नंबर."

मला लाज वाटते. आधीही वाटत होती, पण ती वेगळी होती. तू गेलीस याची वाटत होती. तुझ्या जाण्याने माझी मान खाली गेली असं मी धरून चाललो होतो. आता मला आरशात दाढी करतानासुद्धा तोंड वर करावंसं वाटत नाही, आणि त्यात तुझा काही हात नाही. मी घाबरलो, एवढंच. वयाच्या या टप्प्यावर चहाचे कप हातात घेतलेल्या चार माणसांना घाबरलो.

आणि एक गोष्ट. त्या दिवशी तू स्वयंपाकघरात हात पुसत मला म्हणालीस, "मला आता स्वतंत्र राहायचंय." मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी वर्तमानपत्र खाली न करता म्हणालो, "'वेगळं' म्हण. 'स्वतंत्र' शब्दाला फार मोठा अर्थ आहे." तू एवढं बोललीस आणि मी तुझा शब्द दुरुस्त केला. मला तेव्हा वाटलं, तू माझं ऐकलंस, कारण पुढे तू काही बोलली नाहीस.

उद्या त्या दुकानात जातो.

मी

१५ एप्रिल, रविवार

अगं,

दुकानात गेलो होतो. मालकीणबाई काउंटरमागे उंच स्टुलावर बसून एका फ्रेमचा स्क्रू पिळत होत्या. मी नाव सांगितलं तरी त्यांनी मान वर केली नाही. मी सगळं सांगितलं. तू माझी बायको, वेगळी राहतेस, बाळंतपण वगैरे काही नाही, फोनवर मी खोटं बोललो. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यादेखत सांगितलं. ती काही मोठी मर्दुमकी नव्हे, ते मला ओळखत नव्हते.

त्या म्हणाल्या, "आणि आता खरं बोलताय कशावरून?"

मी म्हटलं, "मी शब्दकोशात काम करतो."

"मग?" म्हणाल्या. आणि खरंच, मग काय?

शेवटी म्हणाल्या, "लेखी द्या. मग देते खोली." मी तिथेच, त्यांच्या पावतीच्या कोऱ्या पाठीवर लिहून दिलं, सही केली. मला फार बरं वाटलं. घाम पुसून बाहेर पडलो आणि थेट दवाखान्यात आलो, की ही गोड बातमी तुला कळावी.

तुझ्या मैत्रिणीने ऐकून घेतलं. आत जाऊन तुला फोन केला. बाहेर येऊन म्हणाली, "नको म्हणत्येय ती."

"का?"

"म्हणते, त्यांच्या शब्दावर मिळाली आणि त्यांच्या शब्दावर गेली. आता परत त्यांच्याच शब्दावर घेऊन काय करू? पुन्हा केव्हा घाबरतील काय माहीत."

मी तिथल्या बाकावर बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, काय दुखतंय. मी म्हटलं, काही नाही.

परवा लेकीचा फोन आला होता. टायपिस्टबाईंनी तिला अभिनंदनाचा मेसेज पाठवला होता. ती म्हणाली, "बाबा, मला मुलगी झाली हे मला तुमच्या ऑफिसातून कळतंय!" आधी हसली. मग हसायची थांबली. म्हणाली, "आईने घर सोडायला तुम्हाला हेच एक कारण सुचलं? दुसऱ्या कुणाचं तरी करायला गेली म्हणायचं?" मग म्हणाली, "जेवताय ना नीट?" त्याने जास्त लाज वाटली.

काल शनिवारची बैठक होती. माझा शब्द वाचायचा दिवस. मी आधी स्वेटर काढून टायपिस्टबाईंसमोर ठेवला आणि सांगून टाकलं, नात नाही, बाळंतपण नाही, बायको माझ्यापासून वेगळी राहते, आणि त्या दिवशी राँग नंबर नव्हता. शिपायाचीही माफी मागितली. त्याला कारण कळेना, तो नुसताच "असू दे, साहेब" म्हणाला. टायपिस्टबाईंनी स्वेटरची घडी घातली, उलगडली, परत घातली. म्हणाल्या, "बाही लहान करून घेतलीत हो माझ्याकडून." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी संपादक बाईंना म्हटलं, हा शब्द दुसऱ्या कोणाला द्या. त्या म्हणाल्या, "नाही. तुम्हीच लिहा. निदान आता पाल्हाळ लावणार नाही."

मग मी वाचलं. ताण्याचं, मुळाचं, देशाचं, विचारांचं. तिसरा अर्थ मी लिहिला होता, 'दुसऱ्याने स्वतःच्या मर्जीने दिलेली सूट.' बाई म्हणाल्या, "वाक्य?" मी चिठ्ठी वाचली: 'आमच्या घरी बायकांना हवं तेवढं स्वातंत्र्य आहे.' "कोणाचं?" चिठ्ठी माझ्याच अक्षरातली होती. पूर्वी कधीतरी पाहुण्यांशी बोलताना मी हे म्हणालो होतो, आणि वाक्य बरं जमलं म्हणून नंतर टिपून खोक्यात टाकलं होतं. बोलणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे. तू त्या वेळी खोलीत होतीस. चहाचा ट्रे धरून उभी होतीस, पाहुण्यांनी कप उचलायची वाट बघत. बाईंनी विचारलं, "ठेवायचं?" मी म्हटलं, "ठेवा. नावासकट."

चौथा अर्थ लिहिला, 'कोणाला न विचारता आपलं आपण ठरवता येणं.' त्याला वाक्य मिळालं नाही. म्हणजे माझ्याकडे एक आहे, तू स्वयंपाकघरात म्हणालीस ते. पण ते तुझं आहे आणि मी तुला विचारलेलं नाही. आमच्याकडे वाक्याशिवाय अर्थ छापत नाहीत. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचा शब्द घेतला.

आणखी एक. तू दुसरी खोली बघतच असशील. तिथेही कोणीतरी विचारेल. माझा नंबर द्यायला आता तुला धीर होणार नाही हे समजतं, तरी सांगून ठेवतो. मी माझं टेबल खिडकीशेजारून हलवून फोनजवळ आणलंय. घंटा वाजली की मीच उचलतो, शिपायाला हात लावू देत नाही. काय बोलायचं ते ठरलंय. हो, माझी बायको. वेगळी राहते. तिची मर्जी. माणूस चोख आहे. कोणीही समोर असलं तरी हेच बोलेन. एक संधी मिळावी एवढंच वाटतं.

मी

२० मे, रविवार

अगं,

महिनाभर फोन उचलतोय. छपाईवाले, कागदवाले, एकदा कोणीतरी 'गाढव' या शब्दाला किती अर्थ आहेत असं विचारायला. "हॅलो" इतक्या अदबीने म्हणायला लागलो की धाकटा संपादक म्हणाला, "मंत्र्यांचा फोन यायचाय का?" तो आता मला आजोबा म्हणत नाही.

तुझा फोन येईल असं नव्हतं म्हणत. तुझ्याबद्दलचा येईल असं वाटत होतं. खोली मिळायला एवढा वेळ का लागतोय याची काळजीही वाटायला लागली. माझ्यामुळे गावभर तुझं नाव खराब झालं की काय, असंही मनात आलं. शेवटी काल तुझ्या मैत्रिणीच्या दवाखान्यात गेलो आणि विचारलं, अजून सोफ्यावरच आहे का?

ती म्हणाली, "कुठला सोफा? एप्रिलमध्येच गेली ती. मशीन नेलं, पडदेसुद्धा लावले."

मी विचारलं, "कुठे?" ती केसपेपर चाळायला लागली. मी पुन्हा विचारलं नाही. एवढं मला आता कळतं.

मग मी म्हटलं, "पण मला कोणाचा फोन आला नाही. मी रोज जागेवर होतो. त्यांनी घरच्या माणसाचा शब्द मागितला नाही का?"

"मागितला की," ती म्हणाली. "ती म्हणाली, घरचं माणूस मीच. माझाच शब्द घ्या."

"आणि दिली खोली?"

"दिली."

ती पुढच्या पेशंटला हाक मारायला गेली. मी आभार मानून निघालो. घरी चालत आलो. आल्यावर रडलो, हे लपवत नाही. आनंदाने की कशाने ते मला सांगता येणार नाही.

टेबल उद्या परत खिडकीशी नेतो. तुझा पत्ता मला माहीत नाही, म्हणून हे पत्र तुझ्या मैत्रिणीकडे ठेवतोय. तिला सांगितलंय, तू आपणहून विचारलंस तरच द्यायचं.

मी